वाल सोलताना वाचलेली कादंबरी

मुलांच्या साहसी कादंबऱ्यांबद्दल माझं एक मत आहे. ते साठ-एकसष्टच्या सुमारास, पोलादपूरजवळच्या आमच्या ओटीवर पक्कं झालं. या कादंबऱ्यांत भाऊ चोर पकडतो आणि बहीण लाडू बांधून देते. भाऊ होडीत उडी मारतो, बहीण काठावर उभी राहून घाबरते. पानोपानी घाबरते! त्या बाईला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटत.

पण मोठा शत्रू घरातच होता. माझा चुलतभाऊ. मे महिन्यात तो मुंबईहून पेटीभर कादंबऱ्या घेऊन यायचा आणि पुस्तक माझ्या हातात ठेवतानाच शेवट सांगायचा. "खजिना विहिरीत हाय. घे, वाच आता!" मी रडले की म्हणायचा, "पोरींना काय करायचाय सस्पेन्स?"

त्या वर्षी मी ठरवलं, याला याच्याच तोंडाने मारायचं.

दुपारी घरातल्या बायका बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलायला बसत. मोठ्याने वाचून दाखवणाऱ्याला सोलणं माफ, म्हणून मी वाचायची. आमची थोरली काकू, जिच्यापुढे काकासुद्धा हळू बोलत, कादंबरीतल्या मामावर बेहद्द खूश होती. गोड बोलणारा, मुलांना खाऊ आणणारा मामा. "देवमाणूस हाय गो," ती म्हणायची. चोर तोच होता, हे अर्थातच चुलतभावाने मला आधी सांगून टाकलेलं.

तो झोपाळ्यावर बसला होता. मी पुस्तक उघडलं आणि सरळ चेहऱ्याने सुरू केलं, "होडी हलताच शूर मुलाला रडू फुटलं. तो बहिणीच्या पाठीमागे लपला."

"ए! असं नाय लिहिलंय!"

मी पुढे. "त्याची चड्डी ओली झाली."

"मुंबईचा दिसतो," काकू म्हणाली. बायका खो खो हसल्या.

तो झोपाळ्यावरून उडी मारून ओरडला, "खोटारडी! तो रडत नाय! तोच मामाला पकडतो! मामाच चोर हाय!"

काकूच्या मुठीतले वाल मुठीतच राहिले.

"मामा?" ती म्हणाली. "मेल्या, तुला विचारलं होतं कुणी?"

"पण काकू, ही बघ ना..."

"बस खाली. ती टोपली ओढ. सुट्टी संपेस्तोवर तू सोलायचं नि तोंड उघडायचं नाय. पेटीची चावी हिच्याकडं दे."

पेटीतल्या उरलेल्या कादंबऱ्या मी शेवट माहीत नसताना वाचल्या. केवढं सुख! आधी आंब्याखाली एकटीने, लेखकाने लिहिल्या तशा. मग दुपारी ओटीवर, माझ्या पद्धतीने. बहीण होडी वल्हवायची, चोराच्या मुसक्या बांधायची. भाऊ काठावर लाडू सांभाळायचा. लेखकांनी मला क्षमा करावी; नाही केली तरी चालेल.

चुलतभाऊ ओठ घट्ट मिटून सोलत असायचा. एका दुपारी मी त्या शूर मुलाला बेडूक पाहून बेशुद्ध पाडलं. चुलतभावाच्या चिमटीतला वाल उडून अंगणात गेला. काकूने फक्त मान वर केली. तो पुन्हा सोलू लागला.

मी पान उलटलं, मुलाला शुद्धीवर आणलं आणि त्याच्यासमोर दुसरा बेडूक सोडला.