उजव्या खांद्यावरची वीट

चहा आला ना सगळ्यांना? मग ऐका. माणूस वाट चुकतो, चष्मा विसरतो, दुसऱ्याच्या चपला घालून घरी येतो, हे आपण सगळेच करतो. पण देवीच्या डोंगरावर एखाद्यानं चुकून अख्खी नवी प्रथाच सुरू केली, असं कधी ऐकलंय? नसेलच. कारण तो माणूस तुमच्यासमोर बसलाय आणि त्यानं आजवर याबद्दल घराबाहेर तोंड उघडलेलं नाही!

गोष्ट गडमातेच्या डोंगराची. देवरीच्या पुढं, छत्तीसगडची हद्द लागते त्या जंगलात आहे तो. मोठ्या देवस्थानांसारखा गाजावाजा नाही, बसच्या पाटीवर नाव नाही. पण चैत्र नवरात्र आलं, की आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं, गोंदियाचे दुकानदार, पलीकडच्या छत्तीसगडी बाया, सगळे त्या साडेतीनशे पायऱ्या चढतात. वर इवलंसं देऊळ आणि चारी बाजूंना नजर जाईल तिथवर रान! अहो, नुसतं आठवलं तरी अंगावर काटा येतो.

आता माझ्याबद्दल. मी तिरोड्याजवळचा, धानाचा शेतकरी. आमचे पूर्वज माळव्यातून येताना काय काय घेऊन आले देव जाणे, माझ्या वाट्याला आवाज आला. मी बायकोला हाक मारली की शेजारच्या गावातल्या दोन बाया 'ओ' देतात. शिवाय मला सगळं माहीत असतं. नसलं तरी असतं!

तर सहा वर्षांपूर्वी मी आणि बायको, सुमन, गडमातेला निघालो. मी कितीतरी वर्षांनी जात होतो. मागच्या खेपेला पायऱ्यांचं काम चालू होतं. तेव्हा खाली रेतीचा ढीग असायचा आणि येणारा प्रत्येक जण एक टोपलं रेती वर न्यायचा. मी दोन नेली होती. सुमन म्हणते एकच, तेही अर्ध्यात ठेवून दिलं. ते जाऊ द्या.

आम्ही पायथ्याशी उतरलो आणि बघतो तर काय, मोहाच्या झाडाखाली विटांची रास! लालभडक, कोऱ्या, दीडेकशे तरी असतील. वरच्या विटेला हळदकुंकू, तिच्यावर झेंडूचं फूल, बाजूला फोडलेला नारळ, उदबत्तीचा धूर अजून निघतोय. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"सुमन, पाह्य! वर सभामंडप बांधून राहिले. इटा न्यायच्या आहेत आपल्याले!"

"कोणाले इचारून तर घ्या जी."

"इचाराचं काय त्याच्यात? कुंकू लावलं आहे, नारळ फोडला आहे. देवीच्या नाही तर काय सरपंचाच्या आहेत?"

"तरी इचारून घ्या. तोंड आहे न तुमाले? बाकी वक्ती तर बंद होत नाही."

मी दुर्लक्ष केलं आणि पहिली वीट उचलली. त्या आठवड्यात फवारणीच्या पंपाच्या पट्ट्यानं माझा डावा खांदा धरला होता, म्हणून वीट ठेवली उजव्या खांद्यावर. आणि दिली आरोळी, "बोलो गडमाता की जय!"

मागं वळून बघतो तर सात-आठ जण थांबलेले. त्यात लुगड्यातल्या छत्तीसगडी बाया. त्यांतली एक म्हणाली, "का हे भैया, ईंटा ऊपर ले जाना हे का?"

"हो दीदी! एक एक सबने!"

गोंदियाकडची चार कॉलेजची पोरं आली. मोबाइल काढून एकानं विचारलं, "अंकल, ये ईंट का क्या चक्कर है?"

आता तुम्हीच सांगा, समोर मोबाइल धरला की माणूस गप्प बसतो का? मी म्हणालो, "बेटा, पुराना रिवाज है. सात पीढ़ी से चला आ रहा है!"

सात पिढ्या! अहो, सात मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

एका काकांनी वीट डोक्यावर ठेवली. मी थांबवलं. "अजी, डोक्यावर नाही! उजव्या खांद्यावर!"

"काऊन जी?"

"नियम आहे. देवीची नजर उजवीकडं असते."

हे मला कोणी सांगितलं? कोणीच नाही! पण एकदा सुरू झालो की मी थांबत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. काकांनी भक्तिभावानं वीट उजव्या खांद्यावर घेतली. मागून येणाऱ्यांनी त्यांचं बघून घेतली. अर्ध्या तासात पायऱ्यांवर लाल विटांची रांग लागली. जयजयकार चाललाय, म्हाताऱ्या चढताहेत, नवरे बायकोची वीट सांभाळताहेत, आणि सगळ्यांत पुढं मी! खरं सांगतो, छाती इतकी फुगली होती की शर्टाचं बटन तुटलं असतं. फक्त सुमन रिकाम्या हातानं चढत होती.

वर पोचलो. पुजारीबाबा आरतीचं ताट पुसत होते. मी त्यांच्या पुढ्यात वीट ठेवली.

"हे काय जी?"

"इटा, महाराज! सभामंडपाच्या!"

"कोणता सभामंडप?"

मी हसलो. ते हसले नाहीत. तोवर देवळासमोर गुडघाभर रास झाली होती आणि विटा येतच होत्या.

इतक्यात पायऱ्यांवरून एक माणूस धापा टाकत वर आला. घामानं भिजलेला, हातात बैल हाकायची काठी. "थांबा! माह्या इटा! कोणं नेल्या माह्या इटा?"

मी हळूच उजव्या खांद्यावरची विटेची लाल धूळ झटकली.

त्याचं नाव तुळशीराम. पायथ्याच्याच गावचा. विटांचा ट्रॅक्टर त्याच्या घराच्या बोळीत शिरत नव्हता, म्हणून त्यानं माल मोहाखाली उतरवून घेतला. शुभ कामाच्या विटा म्हणून कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि बैलगाडी आणायला गेला. तेवढ्यात आम्ही!

"पंधरा दिवसांनी पोराचं लगन आहे," तो म्हणाला आणि त्याचा आवाज फाटला. "पोरीच्या बापानं सांगतलं, न्हाणीघर बांधल्याबिगर पोरगी धाडत नाही. उद्या मिस्त्री येऊन राहिला! अना तुमी माहं न्हाणीघर देवीले वाहून टाकलं? कोणं सांगतलं तुमाले?"

गोंदियाच्या पोरानं लगेच बोट दाखवलं. "ये अंकल ने बोला. वीडियो भी है."

सगळा डोंगर माझ्याकडं बघायला लागला. अहो, देवीसुद्धा उजवीकडची नजर वळवून माझ्याकडं बघतेय असं वाटलं!

मी हात जोडले. "चुकलं जी माहं. आता उचलून खाली नेऊ सगळे, हाय काय त्याच्यात?"

पण एक काठीवाली आजी कडाडली, "देवीले वाहिलेलं परत नेऊ? माह्या घरावर कोप आणतोस काय रे?" मागून सगळ्यांनी माना हलवल्या. कोणी विटेला बोट लावेना. आणि कळस म्हणजे तुळशीराम स्वतःच खाली बसला. "आजीचं बराबर आहे. देवीच्या इटा मी न्हाणीघराले कशा लावू? गेलं माह्या पोराचं लगन!"

त्याचं ते बसणं मला अजून दिसतं. हसता हसता कोणाच्या तरी घरातलं मंगलकार्य मोडायची पाळी आणली होती मी. लाज वाटली, खूप लाज वाटली.

शेवटी पुजारीबाबांनी वाट काढली. प्रत्येक वीट देवीच्या पायाला टेकवली आणि म्हणाले, "आता हा प्रसाद झाला. प्रसाद खाली न्याले दोष नाही."

मी लगेच आरोळी ठोकली, "चला, प्रसाद घ्या! एक एक इटेचा प्रसाद!"

आणि काय सांगू! बघता बघता रास संपली. मी आनंदानं घंटा वाजवली. तेवढ्यात सुमन जवळ आली. "खाली नेऊन कुठं ठेवाच्या, हे सांगतलं का त्याइले?"

मी कठड्यावरून खाली बघितलं. लोक मोहाच्या झाडापाशी थांबतच नव्हते! प्रसाद म्हटल्यावर कोण थांबेल? विटा कारच्या डिकीत चालल्या होत्या. पिकअपमध्ये बाया मांडीवर वीट घेऊन बसल्या होत्या. एक जण दुपट्ट्यात वीट गुंडाळून मोटारसायकलला बांधत होता.

साडेतीनशे पायऱ्या मी कशा उतरलो, माझ्या गुडघ्यांनाच ठाऊक! तुळशीराम माझ्यामागं. मी पिकअपच्या पुढ्यात आडवा उभा राहिलो. "दीदी, ईंटा वापस दो!"

"नई देवँव! ये तो परसाद हे!" तिनं वीट पोटाशी धरली.

मी विनवण्या केल्या, कान धरले. कोणी ऐकेना. मग मागून सुमन आली. सावकाश, पदर सारखा करत. माझ्यासारखं ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "न्या बापा, न्या. पण पाहा, देवीची वीट घरी नेली म्हणजे देवी घरी आली. मंग रोज सोवळ्यात सयपाक, दोन वक्त नैवेद्य, अना घराले कुलूप लावून कुठं जाता येत नाही."

बायांनी एकमेकींकडं बघितलं. मग वीट खाली. दुसरी वीट खाली. डिक्या उघडल्या, दुपट्टा सुटला. पंधरा मिनिटांत मोहाखाली पुन्हा रास उभी! काठीवाल्या आजीनं तर विटेला नमस्कार करून ती दूर सरकवली.

चार-पाच विटा तेवढ्या छत्तीसगडात गेल्या त्या गेल्याच. मी त्या रात्री तुळशीरामकडंच मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी उन्हात मिस्त्रीच्या हाताखाली विटा दिल्या. गारा कालवला. तुळशीराम आधी बोलत नव्हता, दुपारी त्यानं स्वतःच्या हातानं ताक आणून दिलं. लग्न झालं, आम्ही दोघं गेलो होतो. नव्या सुनेचं न्हाणीघर बघितलं आणि माझे डोळे भरले. एका भिंतीतल्या विटेवर कुंकवाचा डाग तसाच होता. सून म्हणे आधी हात जोडते, मग पाण्याचा तांब्या उचलते.

संपली गोष्ट? संपली असती तर बरं झालं असतं!

यंदाच्या चैत्रात पुन्हा गेलो. पायथ्याशी गर्दी, आणि मोहाखाली नव्या विटांची रास! लोक एक एक वीट वर नेतात, देवीच्या पायाला टेकवतात आणि खाली आणून पुन्हा तिथंच रचतात. तो व्हिडिओ कुठं कुठं फिरला, देवीलाच माहीत. रास नीट राहते की नाही ते बघायला तुळशीराम बसलेला. मला बघून त्यानं तोंडावर दुपट्टा धरला, पण हसण्यानं खांदे गदगदत होते.

मी निमूट एक वीट घेतली. यंदा दुखत होता उजवा खांदा, म्हणून ठेवली डाव्यावर. दहा पायऱ्याही चढलो नसेन, तोच मागून एक अनोळखी बाई कडक आवाजात म्हणाल्या, "अहो काका! उजव्या खांद्यावर घ्या. सात पिढ्यांची प्रथा आहे ही. देवीची नजर उजवीकडं असते."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याच पुढं म्हणाल्या, "माहीत नसलं तर माणसानं आधी कोणाला तरी विचारून घ्यावं!"

सुमन तिथंच पायरीवर बसली आणि पोट धरून हसत सुटली. मी वीट उजव्या खांद्यावर घेतली आणि साडेतीनशे पायऱ्या चढलो. तोंडातून एक शब्द न काढता.