वस्तू राहू द्या, ही बाई द्या

जुन्या वस्तू घ्यायला कुणाच्याही घरी गेली की हलीमाखाला, म्हणजे हलीमामावशी, आधी भाव विचारायची नाही. घड्याळ चालतं का, कपबश्यांचा सेट पुरा आहे का, हेही नाही. पंख्याखालची खुर्ची पकडायची, पर्स मांडीवर घ्यायची, आणि शेजारच्या घरातही ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, “हे सगळं पुसतं कोण घरात?”

आमच्या घरी ती पहिल्यांदा आली तेव्हाही हेच. साल दोन हजार सहा-सात असेल. वडील जाऊन वर्षही झालं नव्हतं. पनवेलमध्ये तळ्यामागचं आमचं बैठं घर बिल्डरला द्यायचं माझ्या दोन्ही भावांनी ठरवलं होतं. विमानतळाच्या नुसत्या बातम्यांनी जागांचे भाव कुठल्या कुठे गेले होते, त्यामुळे त्यांचंही काही चुकत होतं असं नाही. प्रश्न होता वडिलांच्या पसाऱ्याचा. ते बंदरावर नोकरीला होते आणि जुन्या वस्तूंचा त्यांना भारी नाद. टोल्यांची घड्याळं, सोनेरी काठाच्या चिनीमातीच्या ताटल्या, झाकणाची सुपाची भांडी, फुलदाण्या, मेंढी कडेवर घेतलेली पोर्सेलीनची गोरी बाई, असं काय काय. हॉलच्या दोन भिंती काचेच्या कपाटांनी भरल्या होत्या.

“पुसतं कोण म्हणजे?” थोरला भाऊ हसला. त्याला आम्ही दादा म्हणतो. “ही पुसते. सुनंदा, माझी बहीण.”

“मग हिच्याशी बोलते मी. तुमी दोघं भाऊ बाहेर बसा, पेपर वाचा.”

सुनंदा म्हणजे मी. चाळिशी उलटलेली, बिनलग्नाची. आई लवकर गेली, वडिलांचं करायला घरात कुणीतरी हवं होतं, ते कुणीतरी मी झाले. घर गेल्यावर मी कुठे राहायचं हेही ठरलं होतं : सहा महिने दादाकडे खारघरला, सहा महिने धाकट्याकडे पुण्याला. ठरलं होतं म्हणजे त्यांनी ठरवलं होतं. मला सांगितलं, मी ‘बरं’ म्हटलं. मी तेव्हा सगळ्यालाच ‘बरं’ म्हणायचे. आज माझ्या जिभेला घाबरणारी माणसं हे ऐकून हसतात.

भाऊ बाहेर गेल्यावर खालाने मला कपाट उघडायला लावलं. एकेक वस्तू मी काढायची आणि सांगायचं. मी सांगत गेले. या किटलीची चोच मागून चिकटवलेली आहे, उजेडाकडे धरली की दिसते. हे घड्याळ पावसाळ्यात रुसतं, त्याच्या खाली डाव्या बाजूला पुठ्ठ्याची घडी घालावी लागते. या बाईच्या मेंढीचा एक कान नाही, तो आमच्या मांजरीच्या खात्यावर जमा आहे. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की इतकं सलग मी कितीतरी दिवसांत बोलले नव्हते. वडील शेवटची दोन वर्षं अंथरुणाला होते आणि त्यांना ऐकू येत नव्हतं.

खालाने चहा मागवला, तोही कपाटातल्या सोनेरी काठाच्या कपात. कपाच्या कानात बोट घालून चहा पिऊन, मग रिकामा कप उलटा करून बघून झाल्यावर तिने भावांना आत बोलावलं आणि म्हणाली, “वस्तू राहू द्या. ही बाई द्या मला दुकानात. वस्तू काय, तिच्या मागनं चालत येतील.”

दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. “आमच्या घरातल्या बायका दुकानात नोकरी करत नाहीत,” तो म्हणाला.

“तुमच्या घरातल्या बाया काय करतात ते बघितलं मी आत्ता,” खाला म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. “सोमवारी ये. नको असेल तर नको येऊ. मी परत सांगायला येणार नाय.”

मी सोमवारी गेले. का गेले ते मलाही नीट सांगता येणार नाही. दादाला ‘बरं’ म्हणायची इतकी सवय होती, की कदाचित तिच्याही हुकमाला तेच म्हणून बसले असेन.

तिचं दुकान म्हणजे मोहल्ल्यातल्या तिच्या घराची पुढची खोली. नवरा कुवेतला होता तेव्हा दर सुट्टीत काचेचे आणि चिनीमातीचे सेट घेऊन यायचा. घरात ठेवायला जागा उरली नाही म्हणून तिने शेजारणींना विकायला सुरुवात केली. नवरा वारला, मग पोट भरायला जुन्या घरांतून वस्तू घ्यायला लागली. मी गेले तोवर मुंबई-पुण्याचे शौकीन गाडी काढून तिच्याकडे येत होते. तिला फार कळायचं अशातला भाग नाही हं! ज्या वस्तूचं मूळ तिला कळायचं नाही ती वस्तू ‘जर्मन’. घड्याळ जर्मन, फुलदाणी जर्मन, एकदा एका गिऱ्हाइकाला तिने जयपूरची निळी बरणीसुद्धा जर्मन म्हणून दाखवली. त्याने बरणी उलटी करून बुडाशी लिहिलेलं जयपूर दाखवलं, तर म्हणते, “असेल. जर्मन लोक कुठं कुठं जातात.” तो हसत हसत बरणी घेऊन गेला.

घड्याळं मात्र तिने सगळी बंद ठेवलेली. टिकटिक ऐकली की तिचं डोकं उठायचं. गिऱ्हाईक आलं की मी चावी द्यायची, लंबक हलवायचा, टोले ऐकवायचे, ते गेलं की खाला आतून ओरडायची, “गप कर गं त्या सगळ्यांना!” खारघरच्या टॉवरमधलं एक तरुण जोडपं नुसतं भिंतीला शोभा म्हणून घड्याळ मागायला आलं, चाललं नाही तरी चालेल म्हणालं. मला राग आला. खाला खूश. “हेच खरे शहाणे,” म्हणाली, आणि त्यांना सरबत पाजलं.

पहिल्याच महिन्यात माझ्या हातून सुपाच्या भांड्याचं झाकण फुटलं. मोठं, वर फुलांची मूठ असलेलं. तिने आधी माझ्या घराण्याचा उद्धार केला, मग स्वतःच्या नशिबाचा, मग चहा टाकला. दोन दिवसांनी एक बाई ते बिनझाकणाचं भांडं कुंडी म्हणून बघत होत्या. खाला त्यांना म्हणाली, “ह्याला झाकण होतं. हिने फोडलं, माझ्या डोळ्यांदेखत. बुड शाबूत हाय.” मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बाई भांडं घेऊन गेल्यावर मी म्हटलं, “खाला, माझं नाव घ्यायची काय गरज होती?”

“फुटलंय ते सांगूनच विकायचं. लपवलं की माझ्या पोटात दुखतं.”

“पण ‘हिने फोडलं’?”

“मग काय मी फोडलं?”

असं तिचं. तिच्यापाशी बोललेलं पोटात राहायचं नाही आणि रागही राहायचा नाही. कधी तुम्हीवरून मी तिला ‘तू’ म्हणायला लागले ते आठवत नाही. हळूहळू मी भाव सांगायला शिकले, ‘नाही परवडत’ म्हणायला शिकले. एकदा एका मुंबईच्या साहेबांना मी तोंडावर सांगितलं, की तुम्हाला वस्तू घ्यायची नाही, तुम्हाला नुसता दुपारचा वेळ घालवायचाय. ते गेल्यावर मी घाबरून खालाकडे बघितलं. ती तोंडात ओढणी कोंबून हसत होती. वडिलांच्या वस्तूही एव्हाना दुकानातच आल्या होत्या. ज्या विकायच्या त्या मी विकल्या, त्याची वाटणी आम्हा तिघांत झाली. घर मात्र अजून उभं होतं, आणि मी त्यात एकटी राहत होते.

मग एका सकाळी दादा कागद घेऊन दुकानात आला. बिल्डरशी करार व्हायचा होता. कागद हक्कसोडीचा होता. वडिलांच्या घरावरचा माझा हक्क मी भावांसाठी आपखुशीने सोडते, असा. आमच्याकडे बहिणी हे करतातच. आत्यांनी केलं, मावश्यांनी केलं. सही केली की माहेर राहतं असं सगळ्या सांगतात. मी तर माहेर सोडून कुठे गेलेच नव्हते.

“एक सही कर,” दादा म्हणाला. “तुझं काय अडणार आहे? आम्ही दोघं आहोत ना.”

मी खालाकडे बघितलं. मला खात्री होती की आता ती तोंडाचा पट्टा सोडणार. दादाला उभा-आडवा घेणार, आणि मला काही बोलावं लागणार नाही. या बाईने आयुष्यात कुणाचं भांडण अंगावर न घेता सोडलं नव्हतं. पण खाला उठली, पर्स घेतली, म्हणाली, “मी जरा पाव घेऊन येते.” पाव घरात होते. सकाळी मीच आणले होते. ती बाहेर गेली आणि जाताना शटर अर्धं खाली ओढलं.

मला इतका राग आला तिचा! वेळेला पळून गेली, असं वाटलं. शटरखालून मला तिच्या चपला दिसत होत्या. ती कुठेही गेली नव्हती, समोरच्या ओट्यावर जाऊन बसली होती. दादाने पेनाचं टोपण काढून पेन माझ्यापुढे धरलं. ‘बरं’ हा शब्द अगदी जिभेवर आला होता.

“मी सही करणार नाही, दादा,” मी म्हटलं. “नव्या इमारतीत मला एक खोली पाहिजे. माझ्या नावावर.”

“हे तुला तिने शिकवलं.”

“ती बाहेर बसलीये. बोलतेय मी.”

त्याने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाला, “आम्ही तुला रस्त्यावर टाकणार होतो का?” आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. मी म्हटलं, “नाही रे. तुम्ही मला चांगलंच सांभाळलं असतं. पण मला कुणाकडून सांभाळून घ्यायचं नाहीये.” तो कागद घडी करून निघून गेला आणि कितीतरी महिने माझ्याशी बोलला नाही. त्या वर्षी भाऊबीजेला मी दुकानातच बसून होते. पण दादा माणूस वाईट नाही. शेवटी नव्या इमारतीत तळमजल्यावरची मागची एक खोली, स्वयंपाकघर आणि मोरी माझ्या नावावर झाली, आणि पडद्याचा दांडा बसवायला ड्रिल मशीन घेऊन तोच आला. दांडा वाकडा बसलाय. अजून तसाच आहे.

घराची चावी मिळाली त्याच आठवड्यात खाला आली. हात हलवत आली. मला वाटलं होतं, एखादी बशी तरी आणेल. मोरीपासून खिडकीपर्यंत सगळं बघितलं, दारावरची माझ्या नावाची पाटी हाताने चाचपली, आणि कॉटवर बसली. मी तिला तेव्हा विचारलं, की त्या दिवशी मला एकटीला टाकून का गेलीस.

“माझ्या बापाची तिकडं उरणजवळ, करंज्याला नारळाची वाडी होती,” ती म्हणाली. “बाप गेला, भाऊ असाच कागद घेऊन आले. मी केली सही. कुणी जबरदस्ती नाय केली, खोटं कशाला बोलू. मीच बोलले नाय. त्या दिवशी तुझ्याबरोबर आत बसले असते ना, तर मीच बोलत सुटले असते. आणि तुझ्या भावाशी नाय गं, माझ्या भावांशी बोलले असते. मग तुझं तोंड कधी उघडणार होतं?”

मी तिच्या पायांशी बसले आणि खूप रडले. तिने मला दोन मिनिटं रडू दिलं आणि मग चहा मागितला.

त्यानंतर दुपारचं दुकान बंद केलं की ती माझ्याकडे यायला लागली. तिचे मुलगे चांगले होते, सुनाही करणाऱ्या. पण घर मुलांच्या नावावर आणि भरलेलं. पाहुणे आले की, नातवंडांची शिकवणी आली की, दुकानात माल आला की, दिवाणावर आडवी झालेली खाला आधी उठायची. तिने याची तक्रार कधी केली नाही. माझ्याकडे येऊन नुसती झोपायची. सात-आठ वर्षं हे चाललं, गुडघे चालत होते तोवर.

खाला गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिच्या सुनांनी मला घरच्यासारखं आत नेलं, तिच्या जवळ बसू दिलं. माझ्या हातात माझ्या घराची चावी होती, ती मी सोडली नाही. आज मी माझ्या दाराला आतून कडी घालते, ती त्या बाईमुळे. हे मी तिला जिवंतपणी सांगितलं, एकदा नाही, पुष्कळदा, आणि दर वेळी ती म्हणाली, “पुरे गं, चहा गार होतोय.”

शेवटच्या शेवटच्या एका दुपारी मात्र तिला उठवायला मी कप घेऊन गेले, तर तिने डोळेसुद्धा उघडले नाहीत. “राहू दे,” म्हणाली. “हे एकच घर हाय, जिथं मला कुणी उठ म्हणत नाय.”

मी चहा झाकून ठेवला आणि पंखा एकाने वाढवला.