आत्याचा पाळणा आणि महेंद्रचा फॅन

देवळाली प्रवरेत माझं शिलाईचं दुकान आणि त्याला लागूनच महेंद्र साळवेचं डीटीपी सेंटर, मधे फक्त एक पत्रा. लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, सोसायटीचे अहवाल, सगळं तो कॉम्प्युटरवर जुळवून द्यायचा. पोरगा गुणी, पण एक काना तिरपा दिसला तरी अख्खी पत्रिका पुन्हा करायचा, आणि तोवर नवरदेवाचा बाप माझ्या बाकावर बसून बिड्या ओढायचा. मी म्हणायचो, "आरं, लोक पत्रिकेत जेवणाची येळ तेवढी बघत्यात." तो हसायचा आणि पुन्हा कामाला लागायचा.

त्याची आई तो लहान असतानाच गेली. वाढवलं कलाबाईनं, त्याच्या आत्यानं. ती पुढं अख्ख्या गल्लीचीच आत्या झाली. आत्या गाणी बांधायची. बारशाचे पाळणे, हळदीची गाणी, एप्रिलात जयंतीला बाबासाहेबांवरची. अक्षरओळख नव्हती, सगळं डोक्यात. कुणी म्हणालं, आत्या, सांग, लिहून घेतो, की ती विचारायची, "शब्द लिव्हशील रं, पन चाल कशात भरशील?"

हे महेंद्रच्या मनात बसलं. अठ्ठ्याण्णव साल सरताना त्यानं आवाज भरता येईल असा नवा कॉम्प्युटर आणला. आत्याची सगळी गाणी त्यात भरायची, त्याची सीडी करायची आणि येत्या जयंतीला मंडपात लावायची, असं त्यानं जाहीर केलं.

"माझा टेप हाय की," मी म्हणालो. "कॅसेटी आन, आजच भरू."

"कॅसेट घासती नाना. ह्यातलं कधी झिजत न्हाई."

पहिल्या दिवशी आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून आली. एक ओळ गायली. महेंद्रनं ती लावून दाखवली, तर आत्याच्या आवाजामागं पिठाची गिरणी चालल्यासारखी घरघर. कॉम्प्युटर तापू नये म्हणून त्याच्या पाठीला छोटा फॅन असतो, त्याचा आवाज. मला विचाराल तर त्यात काही बिघडलं नव्हतं. लग्नांत शेजारी जनरेटर धडधडत असताना आत्या गायलीय आणि बायांनी पदर डोळ्यांना लावलेत. पण महेंद्र म्हणाला, "आधी फॅन गप करतो, मग गानी."

झालं! तिथून त्याला याड लागलं. फॅन बंद ठेवला, तर कॉम्प्युटरचा डबा तापून मशीन मधेच बंद पडलं. धूळ झाडून माझ्या शिलाई मशीनचं तेल सोडलं, तर थोडे दिवस बरं, मग पुन्हा घरघर. फॅन हळू केला, तर आवाज गेला आणि डबा पुन्हा तापला. मग नगरहून मोठ्या पात्याचा फॅन आणला. मोठं पातं सावकाश फिरलं तरी वारा तेवढाच ओढतं, हे त्यानं मी ब्लाउज बेतत असताना माझा हात धरून समजावलं. फॅनची थरथर डब्याच्या पत्र्याला लागू नये म्हणून मधे सायकलच्या ट्यूबच्या चकत्या घातल्या. मागच्या पत्र्याच्या बारीक भोकांत वारा शिट्टी घालत होता, म्हणून तेवढा पत्रा कापून तारेची मोकळी जाळी बसवली. मग दुपारभर मशीन चालू ठेवून डब्यावर हात ठेवून बसायचा, आजाऱ्याचा ताप बघावा तसा.

दर बदलानंतर हाक ठरलेली. "आत्या, एक ओळ म्हन." ती हातातलं काम टाकून यायची, ओळ म्हणायची. तो हेडफोन लावून ऐकायचा, तोंड वाकडं करायचा आणि ओळ पुसून टाकायचा. डिस्कमध्ये जागा कमी, आणि पत्रिकांचा हंगाम. एकदा आत्या मला म्हणाली, "माझा आवाज त्याला आवडंना का काय?" माझं डोकंच फिरलं. म्हणालो, चल, माझ्या टेपवर गा, त्याला नको विचारू. तर म्हणते, "नगं बाबा, त्याला वाईट वाटंल. लई जीव लावून करतोय."

मार्चात एकदाचं जमलं. त्या दुपारी मी मेव्हण्याबरोबर घोडेगावच्या बाजारात म्हैस बघत फिरत होतो, याची चुटपुट मला अजून आहे. परत आलो तर महेंद्र दारातच. "नाना, गेला आवाज! हात लावून बघा, डबाबी गार हाय." खरंच, दिवा लागलेला दिसला म्हणूनच मशीन चालू आहे हे कळत होतं. आत्याही खुशीत होती. महेंद्रची बायको सीमा गरोदर होती, तिच्या बाळासाठी आत्यानं नवा पाळणा बांधला होता. "आज ह्यानं मधी थांबवलंच न्हाई, पुरा गायला," ती म्हणाली. "रईवारी पुन्ना म्हनंन, तवा तुमी ऐका." रविवारी सगळी गाणी भरायची म्हणून महेंद्रनं तो पाळणाही पुसून जागा मोकळी केली होती.

शनिवारी सकाळी नळावर हंडा भरताना आत्या खाली बसली. अर्धांगवायू. नगरच्या दवाखान्यात नेलं, जीव वाचला, वाचा गेली. महेंद्रनं पुसलेलं परत मिळतं का ते शोधलं, पण त्यावर पत्रिकांचं काम चढलं होतं. गावात लोक म्हणाले, बैल गेला अन् झोपा केला. माझी जीभ तिखट म्हणून प्रसिद्ध, पण मला ते म्हणवलं नाही. तो माझ्या बाकावर येऊन बसायचा. म्हणायचा, "नाना, घरघरीसकट एक जरी ओळ ठिवली असती." 

सीमाला मुलगी झाली. बारशाला बाया पाळण्याभोवती जमल्या आणि सवयीनं आत्याकडं बघू लागल्या. आत्यानं चालत्या हातानं दोरी धरली, ओठ हलवले, नुसता घोगरा सूर निघाला. तेव्हा सीमा महेंद्रला म्हणाली, "तुमच्यापुढं म्हनला हुता ना आत्यांनी हिचा पाळना? एक ओळ तरी सांगा, आमी म्हनतो."

सगळ्या थांबल्या. आत्याही मोठ्या आशेनं त्याच्याकडं बघत होती.

 महेंद्र म्हणाला, "आत्या, मी गानं ऐकलंच न्हाई गं. मी फॅन ऐकत हुतो."