कवठातलं मलकापूर

अख्ख्या मलकापुरात आमच्या मामाजींइतका नजरेनं निर्लज्ज आणि मनानं लाजाळू माणूस दुसरा सापडायचा नाही. मामाजी म्हणजे माझे सासरे. चारचौघांत दोन वाक्यं बोलायची वेळ आली तर त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. भाजीवाल्यानं समोर धडधडीत किडकी वांगी पिशवीत टाकली तरी ते 'असू द्या' म्हणून घरी घेऊन येतात आणि वर माझीच समजूत काढतात. रेल्वेच्या मालधक्क्यावर त्यांनी जन्मभर कारकुनी केली, पण साहेबाकडं रजा मागायची लाज वाटते म्हणून तापातही कामावर जायचे, असं माझे यजमान सांगतात. हाच माणूस एकदा बघायला लागला की मात्र सगळी लाज गुंडाळून ठेवतो. रस्त्यात थांबून, मान वाकडी करून, एक डोळा बारीक करून समोरच्याकडं असं बघतो की बाईनं पदर सारखा करावा आणि पुरुषानं शर्टाची बटणं चाचपावीत. मी सोबत असले की मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं होतं. 'मामाजी, चला ना,' मी हळूच म्हणते. 'थांब सूनबाई,' ते म्हणतात, 'त्याचा डावा खांदा पाहून राह्यलो.'

हे बघणं असतं कवठासाठी. कवठ फोडून, आतला गर काढून, त्या रिकाम्या कवटीला खिडकी पाडून मामाजी आत एक अख्खा देखावा बसवतात, आणि ते कवठ नाताळच्या झाडाला टांगायचं असतं. आम्ही बौद्ध. घरात नाताळ कधी नव्हता. तो आला मागच्या घरातून. आमच्या मागच्या खिडकीतून दाविदकाकांचं परसदार आणि त्यांचं मागचं फाटक दिसतं. काका मामाजींबरोबरच रेल्वेत होते आणि दोघांची मैत्री नोकरीपेक्षा जुनी. एका वर्षी काकांच्या झाडासाठी भुसावळहून आणलेले काचेचे रंगीत गोळे मांजरानं पाडले. शांताकाकू चूर झालेल्या काचा सुपलीत भरताना रडवेल्या झाल्या. मामाजी तेव्हा आमच्या ओट्यावर बसून कवठाचा गर चमच्यानं खरवडून खात होते. त्यांनी रिकामी कवटी डोळ्यांसमोर धरली, आत बघितलं आणि म्हणाले, 'याच्यात गोठा बसते.'

बसला. पण मामाजींनी बेथलेहेम पाहिलं नव्हतं, त्यांनी शेजारचं वडनेर भोलजी पाहिलं होतं. त्यामुळं येशूच्या गोठ्यात वऱ्हाडी शिंगांची बैलजोडी, कडब्याची पेंढी आणि दाराशी कडुनिंब आला. बर्फ म्हणून जिनिंगच्या बाहेर उडत असतो तो कापूस. योसेफाच्या डोक्याला पांढरी टोपी, मरियेच्या अंगावर नऊवारी पातळ. बाळ येशूला बघायला पूर्वेकडून आलेले तीन ज्ञानी पुरुष तर हातात वळकट्या घेऊन रेल्वेच्या फलाटावर उभे होते. दाविदकाका हसून म्हणाले, 'अरे गोदामबाबू, ते उंटावर आल्ते.' मामाजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण ते हटले नाहीत. 'पूर्वेकडूनच आल्ते ना? आपल्या इथं पूर्वेकडून म्हणजे नागपूरकडून. मंग पॅसेंजरनं नाही येतीन तर कायनं येतीन?' काकांनी जरा विचार केला आणि ते कवठ झाडाच्या शेंड्याला, चांदणीच्या बरोबर खाली बांधलं.

तेव्हापासून दसरा झाला की आमच्या घराला कवठाचा वास लागतो. कवठाची चटणी, कवठाचा मुरंबा, कवठाचं सरबत, शेवटी नुसताच गूळ घालून कालवलेला गर. पोरं ताट पुढं सरकवतात. घरातली एकही वस्तू टाकून द्यायची सोय नाही. जळलेल्या काड्यांची दारं होतात, चहाच्या फाटक्या गाळणीची कुंपणं होतात. माझं हरवलेलं कर्णफूल मला दाविदकाकांच्या झाडावर, एका कवठाच्या आभाळात सापडलं, आणि इतक्या पाहुण्यांसमोर ते मागायची मला लाज वाटली. लग्नाच्या पंगतीत मामाजी पत्रावळीच्या काड्या खिशात भरतात. न्हाव्याकडं जाऊन केस आणतात, बैलाच्या शेपटीच्या गोंड्यासाठी. माझं माहेर डोणगावचं. लग्नानंतर पहिल्यांदाच ते तिथं पाहुणे म्हणून आले. माझी आई अंगणात वेणीफणी करत बसली होती. तिच्या केसांत चंदेरी झाक आहे. मामाजींनी बराच वेळ बघितलं आणि अगदी अदबीनं म्हणाले, 'विहीणबाई, फणीतले केस फेकू नका. मले पाहिजेत.' आईच्या हातातली फणी तशीच राहिली. माझ्या मावशीनं मला स्वयंपाकघरात ओढलं आणि कानात विचारलं, 'पोरी, तुझा सासरा करणीबिरणी तर करत नाही ना?' मी म्हटलं, 'नाही गं, म्हातारी माणसं करतात.' त्यावर मावशी आणखीच घाबरली. मला म्हणायचं होतं, कवठातली म्हातारी माणसं.

कसब म्हणाल तर फार नाजूक नव्हतं. नाकं जाड व्हायची, भिंती कलायच्या. पण माणूस ओळखू यायचाच. शिंप्याच्या दारावरचा फाटका पडदा फाटकाच यायचा. किराणावाल्याची एक चप्पल पायात आणि एक गल्ल्याखाली असते, ती तशीच असायची. मी एकदा म्हटलं, 'मामाजी, पडदा तेवढा धड करा, बिचारे शिंपीदादा ओशाळतील.' ते गोंधळून माझ्याकडं बघत राहिले. 'पाह्यलं ते करतो सूनबाई. न पाह्यलेलं कराले मी काय देव हाय का?'

एका वर्षी चर्चमध्ये नवे तरुण पाळक आले. त्यांनी दाविदकाकांच्या घरी ती कवठं पाहिली आणि यंदा चर्चचं झाड मामाजींनीच सजवायचं असं ठरवून टाकलं. मंडळीतल्या प्रत्येक कुटुंबाचं घर एकेका कवठात. मामाजी घाबरले, नको नको म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून गावभर मान वाकडी करून हिंडू लागले. मी त्यांच्या मागं मागं, सगळ्यांना हात जोडत. दिवाळी कधी आली आणि गेली ते मला कळलं नाही. करवतीच्या पात्यानं खिडक्या पाडायच्या, आतून चुना द्यायचा, लाकडाच्या भुशात डिंक कालवून माणसं वळायची आणि सुकल्यावर त्यांना चिंध्यांचे कपडे. एकदा मामाजी म्हणाले, 'सूनबाई, मले एक जेवणाचा डबा पाहिजे. तांदळाच्या दाण्याएवढा.' गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद गुंडाळून मी तो केला. झाकणसुद्धा वेगळं केलं. कुणाच्या हातात जाणार आहे हे विचारलं नाही. माझं काम छान जमलं याचाच मला कोण आनंद.

नाताळच्या सकाळी चर्चमध्ये लोक झाडाभोवती गोळा झाले. जो तो आपलं घर शोधत होता, सापडलं की हसत होता. मामाजी मागच्या बाकावर गुडघ्यांवर हात ठेवून, परीक्षेच्या निकालाला बसल्यासारखे बसले होते. दाविदकाकांनी चष्मा चढवून आपलं कवठ काढलं. पुढच्या खिडकीत त्यांचा ओटा, वेताची खुर्ची आणि तोंडावर पेपर घेऊन झोपलेले खुद्द काका. 'पाहा, पाहा, मी झोपलो,' म्हणत त्यांनी ते शेजारच्यांना दाखवलं. मग फिरवलं. मामाजींनी या एका कवठाला मागूनही खिडकी पाडली होती. मागच्या खिडकीत परसदार होतं. फाटक अर्धवट उघडं होतं. शांताकाकू बाहेर वाकून एका मोटारसायकलवरच्या तरुणाला डबा देत होत्या. मोटारसायकल लाल होती.

इथं सुहासचं सांगायला हवं. सुहास हा काकाकाकूंचा एकुलता एक मुलगा. परीक्षा देऊन रेल्वेत लागला, काकांनी साऱ्या गावात पेढे वाटले, आणि काही महिन्यांतच त्यानं ती नोकरी सोडून नांदुऱ्याच्या रस्त्यावर मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं. काकांनी त्याला घराची पायरी चढू नको म्हणून सांगितलं. लोकांना ते सांगायचे, पोरगा बाहेरगावी असतो. गुरुवारी संध्याकाळी काका प्रार्थनासभेला जायचे आणि तेव्हा सुहास आपल्या लाल मोटारसायकलवरून मागच्या फाटकाशी यायचा. काकांना हे ठाऊक नव्हतं. मामाजींना होतं, कारण मागच्या खिडकीशी बसूनच ते कवठं खरवडायचे.

दाविदकाकांनी ते कवठ चष्म्याजवळ नेलं. त्यांच्या मागून वाकून बघणारे दोघेतिघेही हसता हसता थांबले आणि दुसरीकडं बघू लागले. शांताकाकूंनी पदर ओठांवर धरला. काकांनी ते कवठ कोटाच्या खिशात टाकलं आणि जाग्यावर जाऊन बसले. गाणी सुरू झाली. मी माझ्या दोन्ही हातांकडं बघत होते. त्याच हातांनी तो डबा केला होता. घरी जाताना मामाजी माझ्या मागून चालत होते. कोपऱ्यावर थांबून ते म्हणाले, 'मले वाटलं दाविदले माहीत असन. एका घरात राह्यते ना दोघं.'

घरी येऊन त्यांनी मागची खिडकी लावून घेतली आणि तिच्यावर चादर ठोकली. जेवायला उठेनात. बाजारात जायचं झालं तर दाविदकाकांचं घर टाळून स्टेशनाकडून वळसा घालून जायचे, आणि मान खाली. माझीही तीच गत. परसदारी कपडे वाळत घालायला जायचं तर मी आधी कानोसा घ्यायचे, शांताकाकू बाहेर नाहीत ना. आम्ही सासरा-सून आपल्याच घरात चोरांसारखे वावरत होतो.

एक दिवस काकूच आल्या, करंज्यांचं ताट घेऊन. मी दारातच उभी राहिले. त्यांनी ताट माझ्या हातात दिलं आणि विचारलं, 'डबा तू केला का?' मी होय म्हणून मान हलवली. 'झाकण बरोबर जमलं,' त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, 'पण माह्या डब्याले कडी हाय. ते राह्यली.' आणि त्या पटकन वळून गेल्या. त्यांचे डोळे मला दिसले नाहीत.

त्या संध्याकाळी मी मामाजींना जवळजवळ हाताला धरून मागच्या घरी नेलं. दाविदकाका ओट्यावर होते. मामाजी पायरीखालीच उभे राहिले. 'दाविद, माह्यं चुकलं,' ते म्हणाले. एवढं बोलायला त्यांना किती वेळ लागला ते मी बघत होते.

काकांनी हातातला पेपर घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाले, 'कवापासून देऊन राह्यली ते डबा?'

'मले नाही माहीत. मी पाह्यलं त्याले लई दिवस झाले.'

'अन् तू मले बोलला नाही.'

'मले वाटलं तुले माहीत हाय अन् तू बोलत नाहीस.'

काकांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. 'साऱ्या चर्चले सांगतलं मी, पोरगं बाहेरगावी हाय. अन् त्याचं दुकान हमरस्त्यावर. सारे लोक तिथूनच जाते. ते माह्याशी कसे बोलत असतीन बे इतके दिवस?' त्यांचा आवाज बारीक झाला होता. मामाजी पायरी चढून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. दोघंही समोरच्या रस्त्याकडं बघत होते, एकमेकांकडं नाही. मला वाटलं, ज्याला त्याला आपलीच लाज पुरून उरली आहे. मग काकांनी मान न वळवता घरात आवाज दिला, 'ऐकते का? पुढच्या खेपेले डबा समोरून देत जाय. मागून दिल्यानं लोक चित्र काढते.'

त्यानंतर सुहास समोरच्या दारानं येऊ लागला. तो आला की काका आतल्या खोलीत जाऊन बसायचे, पण दार लोटून घ्यायचे नाहीत. मामाजींनी कवठं करायचं सोडलं नाही, माणसं करायची मात्र सोडली. आता त्यांच्या कवठांत ओटे असतात, ओट्यावर खुर्ची असते, खुर्चीवर कुणी नसतं. पाळकांनी विचारलं तर म्हणाले, 'मानसं वावरात गेले.' रस्त्यानं चालताना ते आता पायांपुढचं तेवढं बघतात. गावातली माणसं निवांत झाली असतील. मला मात्र त्यांच्यासोबत चालताना करमत नाही.

गेल्या नाताळात काकांकडं फराळाला गेलो होतो. सुहास चहा आणून देत होता. बापलेक एकमेकांशी अजून बोलत नाहीत. काकांनी घोट घेतला आणि कुणाकडंच न बघता म्हणाले, 'चहा फिका हाय.' सुहास आत गेला, साखरेचा डबा घेऊन आला, काकांच्या कपात साखर टाकली आणि चमच्यानं हलवत तिथंच उभा राहिला. काकांनी कप काढून घेतला नाही. मी मामाजींकडं पाहिलं. ते खाली, आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होते.

परत येताना मी विचारलं, 'मामाजी, पाहिलंत ना?'

'नाही बा,' ते म्हणाले. 'मी काही पाह्यलं नाही.'

आम्ही तसेच थोडं चालत गेलो. मग खालच्या मानेनंच ते हळू म्हणाले, 'भरून दोन चमचे टाकली त्यानं.'