दीड की अडीच

गेल्या महिन्यात मुलीने फोनवर "हिलो" हे नाव घेतलं, तेव्हा मी उठून स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. आत बायको मेथी निवडत होती. मुलीच्या तोंडून ते नाव तिच्या कानावर पडू नये असं मला वाटलं. बारा वर्षं झाली, तरी माझं हे दार लोटणं सुटलेलं नव्हतं.

मुलगी सांता क्लाराला असते. तिचे सासू-सासरे नागपूरहून येणार आहेत आणि त्यांना ती हवाईच्या क्रूझवर नेणार आहे. जहाज एक दिवस हिलोला थांबतं. त्या दिवसात ज्वालामुखीचं उद्यान आणि धबधबे कसे बसवायचे, ते तिला ठरवायचं होतं. माझा तो जुना प्लॅन अजून आहे का, असं तिने इंग्रजीत विचारलं. ती माझ्याशी इंग्रजीतच बोलते. मी म्हणालो, आहे. मग ती हसली आणि म्हणाली, "या वेळी टाइम मात्र मी दुसऱ्या कोणाला तरी विचारेन. माझं काही खरं नाही."

हे वाक्य तिने कधी नव्हे ते मराठीत म्हटलं. मग मी फोन ठेवला.

अमेरिकेत आम्ही राहतो त्या नेपरव्हिलमध्ये मला ओळखणाऱ्या बहुतेकांना हिलोची गोष्ट पाठ आहे. ती मीच सांगत आलो. गणपतीत सांगितली, कोणाच्या साठीला सांगितली, नव्या आलेल्या मुलांना जेवायला बोलावलं तेव्हा सांगितली. ती गोष्ट खोटी आहे. खरी कशी घडली, ते इथे लिहितो.

माझी सारी नोकरी कारखान्यातल्या यंत्रांची वेळापत्रकं आखण्यात गेली. कोणतं यंत्र केव्हा बंद करायचं, किती वेळात उघडून परत जोडायचं, हे मी आलेखाच्या कागदावर काढत असे. निवृत्त झालो तरी हात तसाच चाले. बारा वर्षांपूर्वी आम्ही तिघं हवाईच्या क्रूझला गेलो; त्याआधी दोन महिने मी हिलोच्या एका दिवसाचा कागद आखत होतो. सकाळी सातला जहाज लागणार, आठला भाड्याची गाडी, पाऊण तासात उद्यान, तिथे विवराची कड, वाफेची भोकं, लाव्हाचं भुयार. बाराला खाली उतरायचं. मग गावाजवळचा धबधबा. तो गाडीतळापासून चार पावलांवर दिसतो, म्हणून बायकोच्या गुडघ्यांना सोयीचा. तिथे आम्ही दोघं बसायचं आणि मुलीने एकटीने लांबच्या उंच धबधब्याला जाऊन यायचं, कारण तिथे पायऱ्या होत्या. अडीचला तिने आम्हाला घ्यायचं. साडेतीनच्या आत जहाजावर. जहाज चारला सुटणार.

"अडीच" हा त्या कागदाचा कणा होता. दोन महिने मी तो जेवताना, फिरताना, झोपताना घोकला होता. बायको वैतागून म्हणायची, यांना उठवलं तरी हे आधी अडीच म्हणतील.

सहलीत घड्याळ बघायचं काम फक्त माझं, असा आमच्या घरातला नियम होता. तो मीच केलेला. बाकीच्यांनी नुसतं मजेत राहायचं.

हिलोच्या आदल्या संध्याकाळी खोलीच्या दाराखालून एक कागद आत सरकला. समुद्र खवळण्याची शक्यता असल्याने जहाज एक तास आधी, तीनला सुटेल. सर्वांनी अडीचच्या आत परत यावं. तो मी वाचला. बायको आणि मुलगी वर गाणी ऐकायला गेल्या होत्या. त्यांना सांगण्याआधी नवा प्लॅन तयार हवा, नाहीतर उगाच घबराट, असा मी विचार केला. सकाळी नाश्त्याच्या टेबलावर मी पेन्सिलीने सगळ्या वेळा एकेक तास मागे घेतल्या. अडीचवर काट मारून दीड लिहिलं. कागद खिशात टाकला. सांगायचं राहून गेलं.

उद्यान छान झालं, पण लाल लाव्हा त्या दिवसांत कुठे दिसत नव्हता. जमिनीतून नुसती वाफ येत होती. बायको कठड्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "एवढ्यासाठी विमान, जहाज, गाडी? माझ्या इडलीपात्राला याहून जास्त वाफ येते." मुलगी इतकी हसली की शेजारचे लोक वळून बघायला लागले. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती आणि आईशी मोडकं का होईना, धडाधड मराठी बोलायची. "साडेदोन" म्हणायची, "माझा पाणी पिऊन झाला" म्हणायची, पण थांबायची नाही.

पावणेबाराच्या सुमाराला आम्ही गावाजवळच्या धबधब्याशी आलो. तुषारांत इंद्रधनुष्य होतं. बाजूला वडाची प्रचंड झाडं होती, पारंब्या जमिनीत उतरलेल्या. बायकोने चपला काढल्या आणि ती वडाच्या मुळांवर बसली. ती म्हणाली, मी इथून आता हलत नाही. मी तिचा फोटो काढत होतो, इंद्रधनुष्य चौकटीत येत नव्हतं. मुलीने गाडीची किल्ली घेतली आणि मागून विचारलं, किती वाजता येऊ?

मी कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणालो, "अडीच."

तिने विचारलं, "अडीच म्हणजे टू-थर्टी, राइट?"

मी म्हणालो, "हो हो, राइट."

ती गेली. बायको तेव्हा समोर लांब मुळांवर बसली होती. धबधब्याच्या आवाजात तिला यातलं काही ऐकू आलं नाही.

एकच्या पुढे मी सहज कागद काढला. पेन्सिलीतलं "दीड" दिसलं. काट मारलेलं "अडीच" दिसलं. माझे कान एकदम गच्च झाले, धबधबा ऐकू येईनासा झाला. मी तिला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. नंतर कळलं की सकाळभर फोटो काढून तिचा फोन संपला होता आणि तो चार्जिंगला गाडीत ठेवून ती पायऱ्या उतरली होती.

माझा चेहरा बघून बायकोने विचारलं, काय झालं? तेव्हा मी जहाजाची बदललेली वेळ सांगितली. ती पांढरीफटक पडली. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या जहाजावर होत्या, पासपोर्ट जहाजावर होते. तिने विचारलं, "पोरीला सांगितलंयत ना?"

मी म्हणालो, "दीडची वेळ दिलीय. येईल."

हे पहिलं खोटं. ते केवळ बायकोला धीर यावा म्हणून बोललो, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. पण दीड वाजून गेला आणि बायको दर मिनिटाला रस्त्याकडे बघत "अशी कशी ही मुलगी" म्हणायला लागली, तेव्हाही मी गप्प राहिलो. एका व्हॅनवाल्याने बंदरावर सोडू का असं विचारलं. पण पोरीला मागे टाकून कसं जायचं? आम्ही एक तास त्या वडाखाली उभे होतो. मला ती कुठे आहे हे ठाऊक होतं. ती किती वाजता येणार, हेही ठाऊक होतं.

ती दोन पंचवीसला आली. पाच मिनिटं आधी. भिजलेल्या केसांनी, हसत.

जहाज तीनला सुटतंय, हे तिला गाडीत बसल्यावर कळलं. बंदरावर पोचलो तेव्हा जहाजाची शिडी वर गेली होती. धक्क्यावरच्या माणसाने दोन्ही हात वर करून नाही म्हटलं. आमच्या डोळ्यांसमोर दोर सुटले. एवढं अकरा मजली जहाज आधी इंचभर हललं, मग मधलं पाणी रुंद होत गेलं. मी आयुष्यात बंद पडलेली यंत्रं पाहिली, जळालेली पाहिली. पण माझ्या आखणीशिवाय चालू झालेलं यंत्र मी पहिल्यांदा पाहत होतो.

मुलगी माझ्याकडे वळली. रागाने नाही, गोंधळून. ती म्हणाली, "बाबा, तू अडीच म्हणालास."

आणि मी म्हणालो, "दीड. दीड म्हणालो मी. तुला फरक कळत नाही, त्याला मी काय करू?"

ते शब्द माझ्याच तोंडून येताना मी ऐकले आणि हादरलो. आता ती म्हणेल, मी तुला इंग्रजीत विचारलं होतं. मी त्याची वाट पाहत होतो. तिचे ओठ हललेसुद्धा. मग तिने खाली बघितलं.

बायको तिच्याजवळ गेली. समजुतीच्या सुरात, धक्क्यावर उभं राहून तिला शिकवायला लागली, "अगं, दीड म्हणजे वन-थर्टी. अडीच म्हणजे टू-थर्टी. असं बघ." आणि तिच्या बोटांवर मोजून दाखवलं. मुलीने बोटं पुढे धरली. जहाज निम्मं खाडीबाहेर गेलं होतं.

बाकीचं सगळ्यांना ठाऊक आहे. गोळ्या औषधाच्या दुकानातून मिळाल्या, पासपोर्टची चौकशी झाली, आम्ही विमानाने पुढच्या बेटावर जाऊन जहाज गाठलं. घरी आल्यावर पहिल्याच गणपतीला कोणी तरी विचारलं, क्रूझ कशी झाली? मी मुलीच्या दीड-अडीचची गोष्ट सांगितली. लोक पोट धरून हसले. मला बरं वाटलं. पुढच्या वेळी मी ती आणखी रंगवून सांगितली. जहाजाच्या भोंग्याचा आवाजही काढायला लागलो. हळूहळू माझ्या मित्रांनी मुलीचं नावच "अडीच" पाडलं. ती हॉलमध्ये शिरली की एखादा काका म्हणायचा, "काय गं अडीच, वेळेवर आलीस?" ती पहिली दोन वर्षं हसली. नंतर ती इंग्रजीतच उत्तर द्यायला लागली. त्यानंतर गणपतीला यायचीच बंद झाली. आम्ही म्हणालो, या मुलांचं असंच असतं.

गेल्या महिन्यात तो फोन ठेवल्यावर मी तो जुना कागद काढला. पेन्सिल पुसट झाली आहे, पण काट स्पष्ट आहे. त्या दिवशी मी काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला फोन केला आणि म्हणालो, प्लॅन पाठवतो, पण आधी एक ऐक. मग मराठीत सगळं सांगितलं. कॅमेरा, अडीच, तिचं टू-थर्टी, माझं हो हो राइट. मधे थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुढे बोललो नसतो.

माझी खात्री होती की तिला हे माहीत आहे. बारा वर्षं ती मोठ्या मनाने गप्प राहिली, असं मी धरून चाललो होतो. त्यावर माझी अर्धी झोप चालली होती.

मग ती म्हणाली, "आय ॲक्च्युअली आस्क्ड यू?"

मी म्हणालो, हो.

"मला वाटलं ते मी मनात बनवलं. यू वेअर सो शुअर, बाबा. आय थॉट, मी स्वतःला वाचवायला असं इमॅजिन केलं."

ती बोलत राहिली, थोडी इंग्रजीत, थोडी मराठीत. नागपूरहून सासूबाईंचा फोन आला आणि त्यांनी वेळ सांगितली की ती नवऱ्याला फोन देते. डॉक्टरची वेळ असो, विमानाची असो, ती दोनदा, तीनदा विचारते. ऑफिसमध्ये तिला सगळे फार काटेकोर म्हणतात. कोणी दीड म्हटलं की ती अजून टेबलाखाली बोटं मोजते.

तिला सगळं ठाऊक असेल आणि तिने मला माफ केलं नसेल, एवढंच मी धरलं होतं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला असेल, आणि स्वतःवरचा काढून घेतला असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं.

मी म्हणालो, माझं चुकलं. हे वाक्य तिथे फार लहान दिसलं.

तिने विचारलं, "आईला सांगितलंस?"

मी म्हणालो, नाही.

"आईला सांग. अँड देन एव्हरीबडी. तू ते मराठीत सांगायचास ना सगळ्यांना? तर हेपण मराठीत."

मी फोन ठेवून स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला सांगितलं. तिच्या हातात लाटणं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, ओरडेल. तिने गॅस बंद केला आणि स्वतःच्या बोटांकडे बघितलं. म्हणाली, "आणि मी तिला मोजायला शिकवलं हो." पोळ्या त्या दिवशी झाल्या नाहीत. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ते योग्यच होतं. या वर्षी गणपतीत मी ही गोष्ट उभं राहून सांगणार आहे, भोंगा न काढता. तोपर्यंत हे लिहून ठेवतो.

काल मुलीने तिचा प्लॅन पाठवला. माझ्यासारखाच चौकटी-चौकटींचा, पण संगणकावरचा. उद्यान, भुयार, सासूबाईंसाठी वडाखाली बसायची वेळ. सगळ्या वेळा इंग्रजी आकड्यांत. जहाजाची वेळ आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून वाचायची, असं वर ठळक अक्षरांत. मग तिचा फोन आला. म्हणाली, धबधब्याच्या ओळीतली वेळ वाच.

चष्मा लावून पाहिलं. एक तीस.

"मराठीत," ती म्हणाली.

"दीड."

"पुन्हा."

"दीड," मी म्हणालो.

"ओके," ती म्हणाली. "आता पुढची ओळ."