आपल्यात नाही हो असं!

आमच्या अमेरिकेतल्या फ्रिस्कोच्या सिनेमा ग्रुपमधले किस्से आणि माझ्या ओट्याखालची दुसऱ्यांच्या डब्यांची झाकणं, दोन्ही कधी साठतात ते कळत नाही. एक दिवस कपाट उघडावं आणि सगळं अंगावर यावं! झाकणं मी आपली परत करते. किस्से कुणाला परत करणार? एरवी ते सांगताना मीच आधी हसत सुटते. हे मात्र सांगताना माझं डोकं फिरतं, आधीच सांगून ठेवते. सगळे एकाच सिनेमाचे आहेत.

ग्रुप म्हणजे आठ-दहा मराठी घरं. महिन्यातून एका शनिवारी दुपारी आमच्या कम्युनिटीच्या क्लबहाउसमध्ये जमायचं, कुठल्यातरी देशाचा सिनेमा बघायचा, मग खुर्च्या गोल मांडून चर्चा करायची. नियम एकच. बोलल्याशिवाय वडा नाही! प्रत्येकाने सिनेमावर काहीतरी बोलायचं, मगच प्लेट हातात मिळते. पुण्याच्या लोकांना नियमाची गरज नसते, पण नागपूरच्या मला तो सोयीचा पडतो.

यात माझी जुनी मैत्रीण अंजली देवधर. तिची मुलगी मृणाल इथेच जन्मली, लग्न होऊन लांब ईडन प्रेरीला गेली, तिथे डिव्होर्स झाला आणि मागच्या उन्हाळ्यात ती आईवडिलांकडे परत आली. तेव्हापासून पोरगी एकाही कार्यक्रमात दिसलेली नाही. तिला यायचं असतं हो! मला फोन करून विचारते, "निशा मावशी, धिस सॅटरडे मूव्ही आहे का?" पण तिचे बाबा, सुधीर देवधर, म्हणतात, "थोडे दिवस जाऊ दे, लोक विचारतील."

लोक काय विचारणार, डोंबल! सगळ्यांना सगळं ठाऊक आहे. ठाऊक असून कुणी एका शब्दाने विचारत नाही, माझा राग त्याचाच आहे.

*

तर त्या महिन्यात ठरला तुर्की सिनेमा. बायकांमध्ये नुसता उत्साह! कारण आमच्या अर्ध्या बायका तुर्की सीरियलवाल्या. ते उंच हीरो, ती दाढी, तो समुद्रकाठचा बंगला. शैलाताई तर लिपस्टिक लावून आल्या होत्या. शैलाताई म्हणजे आमच्या ग्रुपच्या सर्वेसर्वा, वडेही त्यांचेच.

सिनेमा सुरू झाला. जर्मनीतल्या एका गावात साठीचा एक टकला तुर्की माणूस, त्याची लाँड्री, आणि तो कुणाशी हसून बोलेल तर शपथ.

"हा हीरोचा बाप ना?" शैलाताईंनी विचारलं.

"हाच आहे," मी म्हटलं.

"मग हीरो कधी येणार?"

अर्ध्या तासाने त्यांनी पुन्हा विचारलं. हीरो आलाच नाही. आली ती त्या माणसाची थोरली मुलगी, नवऱ्याला सोडून, एक सूटकेस घेऊन. बाप तिला घराबाहेर काढत नाही, मारत नाही. फक्त मागच्या खोलीत ठेवतो आणि पाहुणे आले की त्या खोलीचं दार लावून घेतो. शेवटी धाकट्या मुलाचं लग्न. फोटोग्राफर विचारतो, सगळे आले का? बाप म्हणतो, सगळे आले. संपला सिनेमा.

लाइट लागले तेव्हा सगळ्या बायका टिश्यू शोधत होत्या.

*

चर्चेला नेहमीप्रमाणे पहिले फाटक काका. रिटायर्ड माणूस, आमचे ऑफिशियल समीक्षक. हा सिनेमा अमेरिकेतल्या पेपरांनी डोक्यावर घेतला होता आणि काका सगळे रिव्ह्यू वाचून येतात. सिनेमा चालू असताना मात्र झोपतात. त्या दिवशी घोरत होते, माझ्या शेजारीच.

"ब्रूटल, बट टेंडर!" काकांनी सुरुवात केली. "विशेषतः तो समुद्राचा शॉट. ती मुलगी लाटांकडे पाठ करून उभी राहते, तिथे दिग्दर्शकाने कमाल केलीय!"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सिनेमात लाँड्री होती, जिना होता, बस स्टॉप होता. बिचाऱ्यांनी दुसऱ्याच सिनेमाचा रिव्ह्यू वाचलेला!

"काका, समुद्र कुठे होता?" मी विचारलं.

काका चष्मा काढून पुसत म्हणाले, "तो सिम्बॉलिक होता."

आणि त्यांना दोन वडे मिळाले.

*

इथपर्यंत मी हसत होते. मग शैलाताई बोलायला उठल्या. डोळे लाल, आवाज भरून आलेला.

"किती दुष्ट बाप! पोटच्या पोरीला कोंडून ठेवायचं? त्यांच्यात फार असतं बाई हे. मुलींना काही किंमतच नाही. आपल्यात नाही हो असं!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांनी! आणि सगळ्यात जोरात मान कुणाची डोलत होती, सांगू? सुधीर देवधरांची.

"आपण मुलींना शिकवतो, पायावर उभं करतो," देवधर म्हणाले. "मूलभूत फरक आहे संस्कृतीत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सरळ विचारलं, "मृणाल नाही आली?"

जो तो आपापल्या चहात बघायला लागला. चहात काय सिनेमा चालू होता? देवधर शांतपणे म्हणाले, "तिला ऑफिसचा कॉल होता."

शनिवारी! दुपारी चार वाजता! पोरगी शाळेत शिकवते हो, तिला कसला ऑफिसचा कॉल?

अंजलीची पाळी आली. ती दर महिन्याला "छान होता" म्हणते आणि वडा घेते. त्या दिवशी ती नुसती कागदी नॅपकिनची घडी घालत, उलगडत, परत घालत बसली. शैलाताई म्हणाल्या, "जाऊ दे, तिला भरून आलंय. सेन्सिटिव्ह आहे ती." आणि चर्चा पुढे गेली.

*

त्याच आठवड्यात शैलाताईंचा फोन. त्यांच्या भाच्यासाठी मुलगी बघायची होती. भाचा शेजारच्या प्लेनोला असतो, मोठ्या कंपनीत आहे, घर घेतलंय.

"तुझ्या ओळखीत सांग गं कुणी. शिकलेली हवी, इथली चालेल, वयाचं पण काही नाही. फक्त डिव्होर्सी नको."

"पण त्याचा स्वतःचा डिव्होर्स झालाय ना?" मी म्हटलं.

"हो, पण त्यात त्याची चूक नव्हती."

"आणि मृणालची काय चूक होती?"

पलीकडून एकदम गोड आवाजात, "अगं, मी मृणालचं कुठे काय म्हटलं? ती आहे का इथे? मला वाटलं ईडन प्रेरीलाच असते!"

या बाई देवधरांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. मृणाल रोज संध्याकाळी यांच्या दारावरून वॉकला जाते. मी फोन ठेवला आणि त्या रागात सगळा फ्रिज धुऊन काढला.

*

माझ्या ऑफिसात एलिफ नावाची तुर्की मुलगी आहे. माझ्या टीममध्येच, पलीकडच्या डेस्कला. मी तिला सिनेमाबद्दल विचारलं तर तीच भडकली!

"आमच्यावर सिनेमा निघाला की त्यात एक बंद दार असतंच," ती म्हणाली. "आणि बघून आलेलं प्रत्येक माणूस मला विचारतं, तुझ्या वडिलांनी तुला नोकरी करू दिली?"

मी म्हटलं, चल आमच्या पॉटलकच्या जेवणाला, हे सगळं आमच्या लोकांना सांग. ती आली. मी ओळख करून दिली आणि शैलाताईंनी तिचा हात हातात घेतला. इतक्या मायेने घेतला की मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलणार.

"तुला वडिलांनी एकटीला येऊ दिलं?"

"ते बरोबर आलेत," एलिफ म्हणाली. "बाहेर पार्किंग शोधतायत."

थोड्या वेळाने बाबा आले. गोल चेहरा, पांढऱ्या मिशा, हातात बकलावा मिठाईचा मोठा ट्रे. फाटक काकांनी त्यांना लगेच गाठलं. सिनेमा पाहिलात का? पाहिला, ते म्हणाले, पण अर्ध्यातून उठलो.

"वास्तव सहन झालं नाही?" काकांनी विचारलं.

"तो माणूस सहन झाला नाही," बाबा म्हणाले. "माझ्या थोरल्या मुलीचा दोनदा डिव्होर्स झालाय. दोन्ही वेळा तिचं सामान आणायला ट्रक घेऊन मीच गेलो होतो. दुसऱ्या वेळी सोफा जिन्यात अडकला, माझी कंबर अजून दुखते."

ते हसले, एलिफ हसली, मी तर टाळ्याच वाजवल्या. देवधर तिथेच उभे होते. त्यांनी बकलाव्याचा तुकडा घेतला आणि फोन बघत खिडकीकडे निघून गेले.

शैलाताई माझ्या कानाशी आल्या. "असतात हो एखादे अपवाद त्यांच्यात!"

आता बोला!

*

पण खरी कमाल पुढे आहे. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या अंकात सिनेमाचं परीक्षण कोण लिहितं? सुधीर देवधर! भाषा अगदी रसाळ. या सिनेमावर त्यांनी दोन पानं लिहिली आणि साडेचार स्टार दिले. "बंद दारामागचा हुंदका" असं शीर्षक. आत लिहिलंय, "जो बाप लोकलाजेपायी आपल्या मुलीला लपवतो, तो त्या मुलीचा गुन्हेगार आहे."

लिहिताना हात कसा कापला नाही, देव जाणे!

अंकात मराठी न वाचणाऱ्या मुलांसाठी इंग्लिश पानं असतात. देवधरांचं इंग्लिश ऑफिसच्या ईमेलपुरतं. मग भाषांतर कुणाला सांगितलं असेल? मृणालला! वरच्या खोलीत बसून तिने ते केलं. केलं म्हणजे काय, मध्येच मला फोन लावला.

"मावशी, बाबांनी 'गुन्हेगार', म्हणजे 'क्रिमिनल' असा वर्ड यूज केलाय. थोडा स्ट्राँग आहे. ठेवू का?"

ती हसत होती की रडत होती, ते फोनवर कळेना. शेवटी मी म्हटलं, "बोल्ड कर!"

तिने केला. छापलाही तसाच. देवधरांना वाटलं, संपादकांना तो शब्द फार आवडला.

*

परीक्षण गाजलं. इकडून तिकडून फोन आले, फाटक काकांनी "तुमच्या लेखणीला सलाम" वगैरे केलं. त्या आनंदात देवधरांनी रविवारी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. श्रीखंड-पुरीचा बेत. वीसेक माणसं, हॉलमध्ये, डायनिंगवर, जिन्याच्या पायऱ्यांपर्यंत पसरलेली. मृणाल वर होती. सगळ्यांना माहीत होतं की ती वर आहे. वरच्या मजल्यावर पावलं वाजली की सगळे जरा मोठ्याने बोलायचे.

देवधर मध्यभागी उभे राहून सांगत होते, की त्या सिनेमातला बाप वाईट नाही, भित्रा आहे, आणि भित्रेपणा हाच खरा दुष्टपणा आहे. "वा!" फाटक काका म्हणाले. शैलाताईंनी तर डोळ्यांना पदर लावला. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण अंजली एकटीच पुऱ्या तळत होती म्हणून मी लाटायला बसले.

तेवढ्यात अंजलीने गॅस बंद केला. दोन ताटं घेतली. दोन्हींत पुऱ्या, बटाट्याची भाजी, श्रीखंड, कोशिंबीर, लिंबाची फोड, सगळं नीट वाढलं. दोन हातांत दोन ताटं घेऊन ती हॉलमधून निघाली. जिन्यावर बसलेली माणसं बाजूला सरकली.

"अगं, कुणाची ताटं?" देवधरांनी हसत विचारलं.

"एक मृणालचं," अंजली म्हणाली. आवाज अगदी साधा, मीठ कुठे आहे ते सांगावं तसा.

देवधरांचं हसू तसंच राहिलं होतं.

"आणि दुसरं?"

"माझं."

ती वर गेली. खोलीचं दार उघडल्याचा आवाज आला. बंद झाल्याचा आला नाही. खाली वीस माणसं हातात प्लेटी घेऊन उभी. शैलाताई श्रीखंडात चमचा फिरवत होत्या, फाटक काकांनी चष्मा काढला होता. देवधर जिन्यापाशी गेले, कठड्याला हात लावून वर बघितलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "अंजली, खाली ये. लोक आलेत!"

वरून तिचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"मग बोला ना त्यांच्याशी. तुम्हाला किती छान बोलता येतं!"