डोंगराकडचा प्लॉट

माझी शेवटची पोस्टिंग हडपसरच्या पुढं झाली, असं आमच्या घरात थट्टेनं म्हणतात. ऑर्डर मीच काढली, जागा मीच निवडली आणि आजही तिथंच तैनात आहे. गॅलरीत उभं राहिलं की खाली पाझर तलाव दिसतो आणि पलीकडं घाटाचा डोंगर. पाहुणे आले की आधी गॅलरीत जातात, मग पाणी मागतात. "काय व्ह्यू आहे साहेब, नशीब काढलंत!" म्हणतात. मी "हो" म्हणतो आणि चहाचं बघायला आत जातो. हा प्लॉट मला कसा मिळाला, ते मी त्यांना सांगत नाही. सांगायची लाज वाटते.

मी पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. आमच्या पलटणीतले बरेच जण पुण्यात स्थायिक झाले होते. कुणी येरवड्याला भाड्यानं, कुणी विश्रांतवाडीला, कुणी मेहुण्याच्या माळ्यावर. तेव्हा सॉफ्टवेअर कंपन्या यायला लागल्या होत्या. हडपसरकडच्या उसाच्या आणि भाजीच्या शेतांत बिल्डरांच्या पाट्या उभ्या राहत होत्या. आणखी थोडं थांबलो तर पुण्यात आपल्याला दारातही उभं करणार नाहीत, हे सगळ्यांना कळत होतं. हवालदार कांबळे पलटणीत माझा वायरलेस ऑपरेटर होता. त्यानं सासवड रस्त्याच्या आत एका शेतकऱ्याची उताराची जमीन शोधली. आम्ही सोसायटी स्थापन केली. सेक्रेटरी कांबळे, चेअरमन मी.

जमिनीची रेकी मी स्वतः केली. रेकी म्हणजे पुढं जाऊन जागा नजरेखालून घालणं. दुर्बीण आणि होकायंत्र घेऊन निघालो, तर आमची ही दारातून म्हणाली, "अहो, घर बांधायचंय का हल्ला करायचाय?"

सिव्हिलियन माणूस प्लॉट बघताना रस्ता बघतो, नळ बघतो, हल्ली वास्तुशास्त्र बघतो. फौजी माणूस उंची बघतो. वर असलेल्याला खालचा दिसतो, खालच्याला वरचा दिसत नाही, एवढाच आमचा धडा. नोकरीतली बरीच वर्षं मी खाली होतो आणि वरून कुणीतरी माझ्याकडं बघत होतं. म्हणून अगदी वरच्या कडेच्या त्या प्लॉटवर उभा राहिलो, तेव्हा तो मला हवाच झाला. पुढं तलाव सरकारी, डोंगर वनखात्याचा. समोर कुणी कधी भिंत घालणार नाही.

माझा मुलगा नितीन तेव्हा नुकताच कंपनीत लागला होता. तो म्हणाला, "बाबा, लेक-फेसिंग आहे. इथं आयटी पार्क येतंय. रिसेलला सोनं."

"मला विकायचा नाही."

"सगळे असंच म्हणतात."

प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटायचे, असं ठरलं होतं. पण फौजेत एक रीत आहे. लंगरमध्ये आधी जवान जेवतात, प्लाटून कमांडर शेवटी. ती रीत माझ्या अंगात होती, आणि ती अंगात असल्याचा मला अभिमानही होता. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी उभा राहिलो आणि म्हणालो, "चिठ्ठ्या टाकायच्या आधी एक प्लॉट बाजूला काढा. नायक गाडेच्या घरासाठी. आणि द्यायचा तर सगळ्यात चांगला द्या. डोंगराकडचा."

नायक रामचंद्र गाडे माझ्या प्लाटूनमधला. नियंत्रण रेषेवर आमच्या पोस्टवर तो गेला, त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्याची बायको सुमन विश्रांतवाडीत एका खोलीत राहायची आणि शाळेत सेविका म्हणून कामाला जायची. एकुलत्या मुलीचं लग्न होऊन ती सासरी गेली होती. वहिनींचा वाटा आपण सगळ्यांनी मिळून भरायचा, असंही मी सुचवलं. टाळ्या पडल्या. एकटा कांबळे म्हणाला, "साहेब, वहिनींना विचारलंय का?"

"चांगली वस्तू देताना विचारायचं काय त्यात?" मी म्हणालो.

त्या संध्याकाळी घरी मी ही हकिगत दोनदा सांगितली. हवा असलेला प्लॉट सोडताना मला जरा त्रास झाला होता, पण त्या त्रासाचंही कौतुक वाटत होतं.

पुढच्या रविवारी मी आणि कांबळे वहिनींना जागा दाखवायला घेऊन गेलो. हडपसरपर्यंत बस, पुढं सहा आसनी रिक्षा, मग पायी चढ. मी बूट पॉलिश केले होते. वहिनी परीटघडीचं पातळ नेसून आल्या होत्या. वाटेत त्यांनी कांबळेला घरच्यांबद्दल विचारलं, मला गुडघ्यांबद्दल. वर पोचल्यावर मी हातात काठी घेतली आणि जवानांना जमीन समजावून सांगतात तसं सांगायला लागलो.

"समोर डोंगर. खाली पाणी. डावीकडं जंगलखात्याची झाडं. पावसाळ्यात त्या घळीतून धबधबा येतो. इथं बाहेरची खोली, इथं तुमचं स्वयंपाकघर. खिडकी डोंगराकडं."

वहिनी पदर सावरून बघत राहिल्या. मला वाटलं, भारावल्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तो डोंगर असाच व्हता का?"

"कुठला डोंगर?"

"ह्यांचा."

कांबळे खाली बघायला लागला. मी समोर बघितलं. अर्ध्यावर एक टप्पा, त्याच्या खाली घळ, घळीच्या तळाशी पाणी. इतक्या वेळा दुर्बीण लावून बघूनही मला ते दिसलं नव्हतं.

"थोडासा," मी म्हणालो.

"मग मी रोज ह्याच्याकडं तोंड करून भाकरी थापायची व्हय?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होत्या. फौजेत मी बोलणी पुष्कळ खाल्ली. साहेबाच्या टेबलासमोर सावधानमध्ये उभा राहिलोय. पण हात कुठं ठेवावेत ते कळू नये, असं त्या रविवारी पहिल्यांदा झालं. आणलेल्या काठीचीसुद्धा लाज वाटली.

"वहिनी, चुकलं माझं. चला, खाली जाऊ."

"थांबा की. पाणी आणाय गेले आन् लगीच गेले, एवढंच मला सांगितलंया. ह्यांची पेटी घिऊन आलेल्या साहेबांनी सांगितलं. आता डोंगर समोर हाय. कुठं काय व्हतं ते दावा."

पेटीबरोबर येणारे सगळीकडं असंच सांगतात. मी कांबळेकडं बघितलं. त्यानं मान हलवली. मग मी काठीनं दाखवलं. वहिनींना जे सांगितलं तेच इथं लिहितो.

आमची पोस्ट मधल्या टप्प्यावर होती. दुश्मनाची पोस्ट समोरच्या धारेवर, आमच्यापेक्षा उंच. झरा खाली नाल्यात. झऱ्याची पायवाट बहुतेक सगळी खडकांच्या आडून जायची. मधला एक छोटा पट्टा तेवढा उघडा होता. म्हणून पाण्याची पार्टी पहाटेच्या धुक्यात जायची आणि धुकं विरायच्या आत परत यायची. हे रोजचं काम होतं. त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं.

त्या दिवशी पार्टीत तिघं होते. गाडे सगळ्यात मागं. जेरीकॅन भरून वर येताना धुकं अचानक फाटलं. दोघं खडकाआड पोचले होते, गाडे उघड्यावर होता. वरून एलएमजीचा, म्हणजे हलक्या मशीनगनचा, एक बर्स्ट आला. गाडे पडला. कमरेखाली लागलं होतं.

दोघं जण लगेच त्याच्यासाठी सरपटत निघाले. पुन्हा बर्स्ट आला. दगडांचे तुकडे उडाले, एकाच्या खांद्याला लागलं, दोघं मागं आले. आमच्याकडूनही फायर दिला, पण वरच्या बंकरला त्याचं काही होत नव्हतं. मी वायरलेस घेतला.

"एक कॅज्युअल्टी. ओपन में है. ओव्हर."

"कोई बाहर नहीं जाएगा. लास्ट लाइट तक रुको. ओव्हर."

"जिंदा है, सर. ओव्हर."

मग आलं, "समझ गया. रुको. आउट."

अंधार पडेपर्यंत थांबायचं, ही ऑर्डर बरोबर होती. तेव्हाही बरोबर होती, आजही आहे. आणखी एकाला पाठवलं असतं तर दोघं पडले असते. मी प्लाटूनला सांगितलं, कुणी हलणार नाही. मग दुर्बीण घेऊन बसलो. दुपारी धुकं येईल म्हणून वाट बघितली. त्या दिवशी आकाश लख्ख निघालं. इतका स्वच्छ दिवस त्या पोस्टवर आम्हाला क्वचितच मिळाला होता. पार पलीकडची बर्फाची शिखरं दिसत होती.

एवढं सांगून मी थांबलो.

"म्हंजी तुम्हाला ते दिसत व्हते," वहिनी म्हणाल्या.

"हो."

"दिसभर?"

"दिवसभर."

"बोलत व्हते?"

कांबळे म्हणाला, "बोलत होते, वहिनी."

"काय?"

"हाका मारत होते," मी म्हणालो. "आमची नावं घेऊन. आधी पार्टीतल्या दोघांची. मग कांबळेचं. मग माझं. या की कुणीतरी, म्हणत होता."

खाली तलावावर कुणाची तरी म्हशी धुण्याची गडबड चालली होती, तिचा आवाज वर येत होता. वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"माझं घेतलं का?"

कांबळेनं माझ्याकडं बघितलं. त्याला काय हवं होतं ते मला कळलं. एक 'हो' म्हटलं असतं तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं, आणि खरं-खोटं करायला त्या डोंगरावर कुणी जाणार नव्हतं. पण ती बाई इतकी वर्षं 'लगीच गेले' एवढ्यावर दिवस काढत होती. आणखी एक खोटं तिच्या ओटीत घालायला माझी जीभ वळेना.

"मला ऐकू आलं नाही, वहिनी."

त्यांनी मान हलवली. "मला कशाला हाक मारतील. मी कुठं व्हते तिथं? तुम्ही व्हता."

एवढं बोलून त्या वळल्या आणि उतारानं खाली चालायला लागल्या. आम्ही मागं. मला वाटलं, रिक्षाकडं निघाल्या. पण खाली रस्त्याला लागून जिथं सोसायटीचं गेट होणार होतं, त्या प्लॉटपाशी त्या थांबल्या. तो कुणालाच नको होता. समोर बसथांबा, शेजारी पिठाची गिरणी, दिवसभर धूळ. गिरणीच्या दारात दोन बायका दळणाचे डबे घेऊन बसल्या होत्या. त्यांनी वहिनींकडं बघितलं, वहिनींनी त्यांच्याकडं. एकीनं विचारलं, "जागा बघाय आलाय का?"

"व्हय," वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "मला ही द्या, भाऊजी."

"वहिनी, इथं धूळ आहे, गोंगाट आहे. मधे कुठं तरी बघू. तुम्ही म्हणाल तो—"

"हितं माणसं हायेत. हाक मारली तर कुणीतरी येईल."

त्यावर कांबळे तोंड फिरवून रस्त्याकडं बघत उभा राहिला. मी "बरं" म्हणालो.

पुढच्या मीटिंगमध्ये मी एवढंच सांगितलं, की वहिनींना गेटजवळचा प्लॉट पाहिजे. सभासदांना वाटलं, बाईमाणूस, बसची सोय बघितली. मग डोंगराकडच्या प्लॉटचा विषय निघाला. कुणीतरी म्हणालं, "प्लाटून कमांडर शेवटी जेवतो. उरलंय ते साहेबांचं." सगळे हसले, टाळ्या पडल्या. मी नको म्हणालो. पण दुसऱ्यांदा म्हणालो नाही. त्यांनी आग्रह केला आणि मी घेतला. कांबळे मिनिट्स लिहीत होता, त्यानं मान वर केली नाही.

घर बांधून झालं. नितीनच्या कंपनीतली मुलं वास्तुशांतीला आली आणि गॅलरीत उभी राहून फोटो काढत राहिली. रस्त्याच्या बाजूला आता काचेच्या इमारती आल्यात, पण माझ्या समोर काही आलेलं नाही. माझा हिशेब चुकला नव्हता. सकाळी डोंगरावर धुकं असतं. ते हळूहळू विरतं आणि मधला टप्पा, घळ, पाणी असं एकेक दिसायला लागतं. ही म्हणते, सकाळचा चहा गॅलरीत घेत जा की, एवढी हौसेनं जागा घेतलीत. मी मागच्या पायरीवर बसून घेतो. तिथून गेटकडचं वहिनींचं घर दिसत नाही, पण आवाज येतो.

वहिनी क्वचित हाक मारतात. सिलिंडर संपला, फ्यूज उडाला, मुलीचा फोन लागत नाही. खरं तर गिरणीवाल्याचं घर त्यांना जवळ आहे. तरी हाक मला असते. मी असेन तसा निघतो. माझे गुडघे बघून ही ओरडते, "अहो, जरा सावकाश. काय आग लागलीय का?" मी सावकाश जात नाही. पोचलो की वहिनी म्हणतात, "एवढं पळत कशाला यायचं, भाऊजी?"

दर वर्षी गाडे गेला त्या तारखेला त्या गेटच्या घरी आमच्यातल्या राहिलेल्यांना जेवायला बोलावतात. फोटोला हार घालतात. आम्ही रांगेनं पाटावर बसतो. वहिनी वाढतात आणि मला आग्रह करतात. मी शेवटी वाढून घेतो.

नायक रामचंद्र गाडे याला आम्ही लास्ट लाइटनंतर वर आणला. स्ट्रेचरच्या पुढच्या बाजूला मी होतो, मागं कांबळे. हाका दुपारनंतर कमी झाल्या होत्या आणि उन्हं डोंगरामागं जायच्या सुमाराला थांबल्या. नर्सिंग असिस्टंटनं नाडी बघितली आणि मान हलवली. मी त्याचे डोळे मिटले आणि हात छातीवर घेतले. अंग अजून गरम होतं.